जाता-येता

चौदाव्या मजल्यावर लिफ्टसमोर चार खुर्च्या होत्या. दोन प्लॅस्टिकच्या, एक लोखंडी घडीची आणि एक आमच्या जुन्या चाळीतून आलेली वेताची. तिचं वेत तुटलं तेव्हा आईने नायलॉनची पट्टी आणून बैठक नव्याने विणून घेतली होती. सकाळी दहाच्या सुमाराला तिथे माणसं जमायची. आई आमच्या दारातून चार पावलं चालून यायची, बाराव्या मजल्यावरच्या काकू लिफ्टने वर यायच्या, अकराव्यावरचे नाना काठी टेकत यायचे. चौथी खुर्ची कुणाची ठरलेली नव्हती. लसूण सोलून व्हायचा, मेथी निवडून व्हायची, पेपरातल्या निधनवार्ता मोठ्याने वाचल्या जायच्या. लिफ्टचं दार उघडलं की सगळी एकदम माना वर करून बघायची, कोण आलं म्हणून. बारा वाजले की आपापल्या घरी.

त्या खुर्च्या उचलायला लावणाऱ्या नोटिशीवर सही माझी आहे.

मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी. बँकेतून निवृत्त झाल्यावर हे काम माझ्याकडे आलं. आगीपासून सुरक्षिततेच्या कायद्याप्रमाणे इमारतीतली यंत्रणा नीट असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, लायसन्स असलेल्या एजन्सीकडून घ्यावं लागतं. त्यासाठी आलेल्या माणसाने प्रत्येक मजल्यावरच्या पॅसेजचे फोटो काढले. चपलांची कपाटं, सायकली, तुळशीच्या कुंड्या आणि या चार खुर्च्या. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आजही मला ते बरोबरच वाटतं. धूर भरलेल्या काळोखात पळणारा माणूस खुर्चीला अडखळून पडला तर त्याच्यामागची दहा माणसं पडतात. मी नोटीस काढली, खाली सही केली, नोटीसबोर्डावर लावली. आठवड्यात पॅसेज मोकळे झाले. आई मला एका शब्दाने बोलली नाही. वेताची खुर्ची तिने स्वतः ओढत आत आणली आणि हॉलच्या खिडकीशी ठेवली. चौदाव्या मजल्याच्या खिडकीतून माणसं दिसत नाहीत. समोरच्या टॉवरच्या काचा दिसतात आणि घारी दिसतात.

त्या खुर्च्या तिथे आल्या कुठून हे सांगायचं तर चाळीपासूनच सुरुवात करायला हवी.

लालबागला आमची चाळ होती. तळमजला आणि वर तीन मजले, लाकडी जिना, मजल्यावर ओळीने खोल्या आणि खोल्यांसमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत गॅलरी. टोकाला सामायिक संडास. १ सप्टेंबर १९४० च्या आधी बांधलेली, म्हणजे सरकारी भाषेत ‘अ’ वर्गातली उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर लागू असलेली) इमारत. आमची खोली दहा बाय बाराची, आत मोरी, वर पोटमाळा. बाबा गिरणीत साचेखात्यात होते. गावाहून आलेले त्यांचे दोन चुलतभाऊही आमच्याकडेच राहायचे. तिघांच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे एक माणूस उठून कामावर गेला की त्याच अंथरुणावर दुसरा येऊन पडायचा. भोंगा झाला की आई घड्याळ न बघता चहाचं आधण ठेवायची.

अशा खोलीत म्हाताऱ्या माणसाला जागा कुठून असणार? आमची आजी दिवसभर गॅलरीत असायची. शेजारची आजी गॅलरीत, पलीकडचे आजोबा गॅलरीत. हौसेने कुणी बसत नव्हतं, आत पाय ठेवायला जागा नसायची म्हणून बसत. पण त्या नाइलाजातून एक गोष्ट आपोआप घडत होती आणि ती काय होती हे कळायला मला साठी गाठावी लागली. मजल्यावरच्या प्रत्येक माणसाला नळावर, संडासाला, जिन्याकडे जाताना आमच्या आजीच्या पायांवरून जावं लागे. जाणारा म्हणायचा, “काय आजी, झालं का जेवण?” उत्तरासाठी कुणी थांबायचं नाही. आजीही अर्ध्या वेळा उत्तर द्यायची नाही. पण दिवसातून चाळीस वेळा तिला कुणीतरी विचारत असे.

आई बाजारात जाताना पिशवी हातात घेऊन शेजारच्या वहिनींना एकच वाक्य सांगायची, “जाता-येता जरा लक्ष ठेवा हं.” वहिनी मान हलवायच्या. बस, एवढंच. हे वाक्य आमच्या चाळीत रोज किती दारांत बोललं जात असेल! पाळण्यातल्या पोरासाठी, उतू जाऊ शकणाऱ्या दुधासाठी, वाळत घातलेल्या पापडांसाठी आणि म्हाताऱ्या माणसांसाठी. लक्ष ठेवणारा मुद्दाम उठून यायचा नाही. त्याला जायचंच असे, यायचंच असे, आणि वाटेत दार उघडं असे.

आजी शेवटची दीड वर्षं अंथरुणावर होती. तिचं अंथरूण दाराशी, उंबरठ्याला लागून घातलेलं. तिची शुश्रूषा आई करायची, पण आई एकटी नव्हती. कुणी जाता-येता उशी सारखी करून जायचं, कुणी भांडं तोंडाला लावायचं, शाळेतून येणारी मुलं तिच्या अंगावरच्या माश्या वारून पुढे जायची. कुणालाच वाटलं नसेल की आपण एका आजारी माणसाचं काही करतो आहोत.

आता दुसरी बाजू. चाळ म्हटली की डोळे पाणावणाऱ्यांना मी नेहमी हे सांगते, कारण माझ्या आईने ते भोगलं आहे. मजल्यावरच्या वीस बिऱ्हाडांना चार संडास. आई सूर्यास्तानंतर पाणी पीत नसे. चाळीतल्या कितीतरी बायका पीत नसत. काळोखी गॅलरी, ओली फरशी, फुटलेला दिवा, हातात डबा. गुडघे गेल्यावर तर उकिडवं बसणं ही तिला रोजची शिक्षा झाली. शेवटच्या वर्षांत ती रात्रीचं जेवणच टाळायला लागली होती आणि आम्हाला सांगायची की भूक नसते. पावसाळ्यात गॅलरीच्या टेकूंकडे बघत झोपायचं. मजल्यांना वाळवी लागलेली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली, त्यामुळे आमच्यासारखी माणसं मुंबईत टिकली हे खरं. पण त्याच गोठलेल्या भाड्यामुळे डागडुजी करण्यात मालकाला रस उरला नाही, हेही तितकंच खरं. २०१० साली आमचं महिन्याचं भाडं दीडशे रुपयांच्या आत होतं. दीडशे रुपयांत कुणी तुळई बदलून देत नाही.

मधल्या काळात गिरण्या गेल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांसाठी तो संप कधी मिटलाच नाही. बाबांनी नंतर एका गोदामात हजेरी लिहिण्याचं काम धरलं. भोंगे थांबले. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, आमच्या गिरणीच्या चिमणीच्या जागी काचेची इमारत आली. गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली. बाबांनी फॉर्म भरला होता. यादीत त्यांचं नाव आलं नाही, आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

चाळ पाडून तिथे नवी इमारत बांधायला विकासकाने तीन वर्षं सांगितली होती. २०१० च्या मे महिन्यात आम्ही खोल्या रिकाम्या केल्या. चावी मिळायला नऊ वर्षं लागली.

या नऊ वर्षांबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. जुनं घर आणि नवं घर यांचे फोटो शेजारी शेजारी छापतात. मधला काळ कुठल्याच फोटोत नसतो. पासष्टीच्या, सत्तरीच्या माणसाच्या हातात उरलेल्या आयुष्याचा मोठा तुकडा या मधल्या काळात निघून जातो. भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने झाले की भाडं वाढवा किंवा घर सोडा. कळवा, मग डोंबिवलीत दोन घरं, मग कल्याण. प्रत्येक वेळी पितळेची भांडी पुन्हा गोणपाटात बांधायची, देव पुन्हा डब्यात घालायचे. विकासकाकडून भाड्याचे चेक आधी वेळेवर आले, मग उशिरा, मग वर्षभर आलेच नाहीत. डोंबिवलीच्या एका घरमालकाने बाबांचा खोकला ऐकला आणि एजंटला बाजूला घेऊन सांगितलं की म्हातारी माणसं नकोत, घरात काही झालं तर पुढे भाडेकरू मिळत नाही. बाबांना ते ऐकू आलं होतं. ते जिन्यात जाऊन उभे राहिले.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा लोकलने चिंचपोकळीला उतरायचे आणि बांधकामाच्या पत्र्यांबाहेर उभे राहायचे. तिथे आणखी चार-पाच म्हातारी माणसं आलेली असायची, कुणी विरारहून, कुणी बदलापूरहून. पत्र्याला एक भोक होतं. त्यातून पाळीपाळीने आत बघायचं, कितवा स्लॅब पडला ते मोजायचं, मग टपरीवर चहा घ्यायचा. बाबा घरी येऊन आईला आकडा सांगायचे. एकदा सलग सात महिने आकडा तोच होता.

२०१६ च्या पावसाळ्यात कल्याणच्या घरात पहाटे बाबा गेले.

चाळीत कुणी गेलं की पहिली किंकाळी ऐकू आल्यापासून घरच्यांना काही करावं लागत नसे. कुणी बांबू आणायला धावायचं, कुणी मडकं, कुणी गावी फोन लावायचं. त्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारच्या तीन घरांतून चहा यायचा. बाया येऊन घरच्या बाईला धरून बसायच्या. कल्याणला मी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली. दाराच्या भोकातून कुणीतरी बघितलं, मग दार उघडलं. माणूस चांगला होता. त्याने खरंच हळहळ व्यक्त केली, शववाहिनीचा नंबर शोधून दिला. पण वडिलांचं नाव काय, असं त्याला मला विचारावं लागलं. आम्ही त्या घरात दहा महिने राहत होतो.

आई बाबांजवळ बसून होती. खांदा द्यायला घरात माझा भाऊ एकटा, तोही पुण्याहून निघालेला. पाऊस होता, गाड्या उशिरा होत्या. साडेअकरानंतर एकेक जण यायला लागला. छत्र्या जिन्यात उभ्या करून ठेवलेल्या मला आठवतात. जुन्या चाळीतली माणसं होती ती. कुणाच्या पँटी गुडघ्यापर्यंत भिजलेल्या, कुणी डबा घेऊन कामाला निघालेला अर्ध्या वाटेतून वळलेला. तेवीस पुरुष आले. आकडा आईने मला नंतर सांगितला. सगळं होईपर्यंत ती मोजत होती.

पुढे करारनाम्यासाठी कागद करायला गेलो. भाडेपावती बाबांच्या नावावर, म्हणून मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, भावाचं ना-हरकत पत्र. आईने दहा ठिकाणी सह्या केल्या. ती एकेक अक्षर लावून सही करते, वेळ लागतो. सगळं झाल्यावर तिने विचारलं, “म्हणजे घर त्यांच्या नावावर एक दिवसही झालं नाही?” कारकून कागद लावत होता. मीही काही बोलले नाही.

२०१९ मध्ये चावी मिळाली. बाबांनी ज्याचे स्लॅब मोजले होते त्याच बावीस मजली इमारतीत चौदावा मजला. हॉल, बेडरूम, किचन, आणि दाराच्या आत आपला स्वतःचा संडास. कमोडच्या शेजारी मी भिंतीत स्टीलचा दांडा बसवून घेतला. पहिल्या रात्री आईने झोपताना तांब्याभर पाणी प्यायलं. मला ते दिसलं. त्या एका तांब्यासाठी हे सगळं झालं असेल तरी ते व्हायला हवं होतं, असं मी मनापासून म्हणते.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला भांड्यांच्या आवाजाने मला जाग आली. आई पाणी भरत होती. चाळीत पाणी पहाटे यायचं, पन्नास वर्षं ती त्या वेळेला उठली. इथे नळाला पाणी दिवसभर होतं. तिने तरीही निळं पिंप भरलं, हंडा भरला, कळशी भरली, फडक्याने पुसून झाकणं ठेवली आणि मग दार उघडून ती बाहेर उभी राहिली. पॅसेजमध्ये आपोआप पेटणारे दिवे आहेत. ती हलली की पेटायचे, स्थिर उभी राहिली की विझायचे. सहा बंद दारं होती. ती बराच वेळ उभी असावी, कारण मी बाहेर आले तेव्हा पॅसेजमध्ये काळोख होता. मी म्हटलं, “काय बघतेस?” ती म्हणाली, “कुणी उठलंय का बघते.”

त्यानंतर काही दिवसांनी पहिली खुर्ची बाहेर गेली.

लोक सांगतात की नव्या घरात म्हातारी माणसं रुळत नाहीत, त्यांना जुनं सोडवत नाही. मला ते पटत नाही. आईला विचारा, ती चाळीत परत जाईल का? एक दिवससुद्धा जाणार नाही. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा तर आम्ही रोज हात जोडत होतो. सामायिक संडास असलेल्या चाळी आणि वस्त्या सील होत होत्या, आणि आम्ही आपापल्या दारांआड सुरक्षित होतो. त्या बंद दाराने आईचा जीव वाचवला असेल. पण आमच्या सोसायटीतल्या म्हाताऱ्यांना ते दार बंद ठेवायची सवय तेव्हाच लागली आणि काहींची ती पुढेही सुटली नाही.

पैशाचं थोडं सांगते, कारण घराबद्दल बोलताना ते टाळून चालत नाही. चाळीत दीडशे रुपये देणाऱ्या माणसाला आता महिन्याला पाच हजार आठशे मेंटेनन्स आहे. लिफ्ट, पंप, वॉचमन, यातलं काहीच फुकट चालत नाही. बिल मीच काढते. बाराव्या मजल्यावरच्या काकूंचं निवृत्तिवेतन महिना १,००० रुपये. ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेत २०१४ पासून किमान पेन्शन तेवढंच आहे. बाकीचे मुलगा भरतो, न कुरकुरता भरतो. पण दर महिन्याला काकू मला विचारतात, “भरले का गं त्याने?” आणि भरले म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल होतो. मुंबईच्या मधोमध कोटीचं घर नावावर असलेली ही बाई रिक्षाने जायचं अंतर चालत जाते.

आणि मालकी आली की मालकीबरोबर येणारं सगळं येतं. चाळीतली खोली कुणाच्या नावावर आहे यावरून आमच्याकडे कधी भांडण झालेलं मला आठवत नाही. विकायला काही नव्हतंच. आता एका मावशींनी मुलाच्या नावे बक्षीसपत्र करून दिलं. कागद माझ्या टेबलावर आले, शेअर सर्टिफिकेटवर नाव बदलायला. सहा महिन्यांत फ्लॅट विकला गेला आणि मावशी गावी गेल्या, चाळीस वर्षं बंद असलेल्या घरात. जाताना मला त्यांनी आपली पोळपाट-लाटणी दिली. ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि सांभाळलं नाही, तर त्यातल्या कलम २३ प्रमाणे ते देणं रद्द करून मागता येतं. पण त्यासाठी ती अट कागदात स्पष्ट लिहिलेली असली तर बरं. मावशींच्या कागदात नव्हती. तेव्हापासून कुणीही असा कागद घेऊन आलं की मी आधी खाली बसवते, पाणी देते आणि हे सांगते. काहींना राग येतो. येऊ दे.

खुर्च्या गेल्या आणि साधारण महिन्याने अकराव्या मजल्यावरचे नाना बाथरूममध्ये पडले. मुलगा-सून कामावर. रोज दहाला ते चौदाव्यावर यायचे. आता यायला जागाच नव्हती, त्यामुळे ते आले नाहीत हेही कुणाला कळायचं कारण नव्हतं. सकाळी दहाला पडले ते दुपारी सून घरी येईपर्यंत, म्हणजे चारपर्यंत, तसेच ओल्या फरशीवर होते. त्यांनी हाका मारल्या होत्या. आमची दारं चांगली आहेत, जाड आहेत. केईएममध्ये खुब्याचं ऑपरेशन झालं. नाना वाचले. भेटायला गेले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “तू मनाला लावून घेऊ नकोस, नियम तो नियम.” मी काही सांगितलंच नव्हतं. त्यांना ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार.

त्या रात्री मला झोप आली नाही. मला काय करायला हवं होतं? खुर्च्या ठेवू द्यायला हव्या होत्या, असं मी आजही म्हणणार नाही. आग लागते. पण नोटीस काढताना पॅसेजमधल्या वस्तूंची यादी मी केली, तशी त्या वस्तूंवर कोण बसतं, किती वाजता बसतं, उठून कुठे जाईल, अशी यादी केली नव्हती. इमारतीच्या नकाशात जिम आहे. मुलांसाठी घसरगुंडी आहे. गाड्यांसाठी तीन मजले आहेत. जाता-येता कुणाच्या नजरेला पडावं अशी म्हाताऱ्या माणसाची जागा कुठेच नाही, आणि आम्ही सर्वांनी तो नकाशा बघून संमती दिली होती. तेव्हा आम्ही फक्त चौरस फूट बघत होतो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या तेव्हा आई टीव्हीसमोर बसून होती. १९२० च्या दशकात बांधलेल्या त्या चाळी, वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७. एकशे साठ फुटांच्या खोलीच्या जागी पाचशे फुटांचं घर, चाळीस मजली इमारतीत. आई आनंदली, मनापासून. “बायकांचे हाल संपले,” म्हणाली. मग थोड्या वेळाने, “त्यांना सांग कुणीतरी, दारं उघडी ठेवा म्हणावं.”

आमच्या इमारतीत पंधराव्या मजल्यावर रेफ्यूज एरिया आहे. उंच इमारतींना ठरावीक मजल्यांनंतर अशी जागा मोकळी सोडावीच लागते. आग लागली तर जिन्याने तिथे येऊन थांबायचं आणि सुटकेची वाट बघायची. एक बाजू पूर्ण उघडी, कमरेइतका कठडा, वर छत, खाली फरशी, भरपूर वारा. काकू त्या जागेला रेफ्युजी म्हणतात. तिथे काहीही ठेवता येत नाही, कुलूप लावता येत नाही, बांधकाम करता येत नाही. मी आधी कायद्याचे कागद वाचले, मग एजन्सीच्या त्या माणसाला पुन्हा बोलावून सरळ विचारलं, “माणसं बसली तर?” तो म्हणाला, “बसू द्या, मॅडम. उठताना काही मागे राहता कामा नये.”

आई रोज दहाला चटई काखेत मारून लिफ्टने एक मजला वर जाते. तिला खाली बसता येत नाही, म्हणून वेताची खुर्ची मी नेऊन ठेवते आणि बाराला मीच परत आणते. काकू येतात. सतराव्या आणि विसाव्या मजल्यावरची दोन माणसं नवीन यायला लागली आहेत. लिफ्ट तिथे थांबते, दार उघडतं, आतल्या माणसाला यांची रांग दिसते आणि तो सवयीने विचारतो, “काय, झाला का चहा?” दार बंद होतं. कठड्याला हात टेकून उभं राहिलं की खालची लालबागची गल्ली थोडीशी दिसते, मंडपाचे बांबू दिसतात. आई म्हणते, वारा चाळीच्या गॅलरीसारखाच लागतो, फक्त खालचा आवाज पोचत नाही.

परवा मी खुर्ची ठेवून वळत होते, तेवढ्यात आईने विचारलं, “नाना आले नाहीत गं अजून?”

दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. नाना आता वॉकर घेऊन येतात, वेळ लागतो.

“येतील,” मी म्हटलं.

“तू खाली जातेच आहेस,” आई म्हणाली, “जाता-जाता बघून जा.”

मी लिफ्टमध्ये शिरले आणि अकराचं बटण दाबलं.